करंडीखालचा फोन

आईने पडद्यावरच्या उमंगला अहो-जाहो केले, त्या दुपारी राधिकेने टॅब टेबलावर उपडा ठेवला आणि कितीतरी वेळ तो तसाच राहू दिला.

घडले होते ते एवढेच. टोरांटोहून भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याने नेहमीसारखे विचारले, "आई, जेवलीस का?" आईने पदर सावरला, परक्या माणसासमोर बसावे तशी अंग चोरून बसली आणि मोठ्या अदबीने म्हणाली, "हो, जेवले. तुमचं झालं का? हे वाडीत गेलेत. काही निरोप ठेवायचा होता का?"

उमंग आधी हसला. आई थट्टा करते आहे असे त्याला वाटले असावे. मग ते हसू त्याच्या चेहऱ्यावर उगीचच राहून गेले, पाहुणे निघून गेल्यावर ओटीवर खुर्ची राहावी तसे.

वटारच्या त्या घरात विस्मरण नवे नव्हते. आई गॅस विसरे, चष्मा विसरे, आज कोणता वार हे विसरे. अण्णा जाऊन आठ वर्षे झाली, हेही ती विसरली होती. तिच्या लेखी ते रोज सकाळी चाफा खुडायला वाडीत जात आणि कुठल्याही क्षणी परतणार असत. राधिका ते खोडून काढत नसे. विरारच्या कॉलेजात मुलांना कविता शिकवून ती घरी परते तेव्हा आई विचारी, "हे दिसले का गं वाटेत?" आणि राधिका म्हणे, "पाट वळवतायत, आई. येतील." अशा उत्तरांची तिला लाज वाटेनाशी झाली होती. पण उमंग विसरला जाईल, हे तिने धरले नव्हते. आईला तिचा उमंग आठवत होता, पण तो चोविशीतला, कपाळावर केसांची झुलपे येणारा. पन्नाशीला टेकलेला, विरळ केसांचा हा गृहस्थ त्या आठवणीच्या दारातून आत येऊच शकत नव्हता.

आणि उमंग दिवाळीनंतर येणार होता. तिकीट काढून झाले होते. "मला ती ओळखेल ना, राधे?" एवढेच तो फोनवर विचारी, आणि विचारून झाले की हवापाण्याकडे वळे.

चेहरा मोठा दिसला तर ओळख पटेल, अशा भाबड्या आशेने राधिकेने त्याचा अलीकडचा एक फोटो पापडीच्या स्टुडिओतून मोठा करून आणला. पाकीट फोटोला जेमतेम पुरेल एवढे होते. आईसमोर बसून ती तो बाहेर काढू लागली तर तो कडांना अडकत, इंचाइंचाने वर येत होता. आधी केस दिसले, मग कपाळाची एक पट्टी.

आई एकाएकी सरळ बसली.

"हळू, राधा. ओढू नको. येतोय तो."

"कोण येतोय, आई?"

"कोण म्हणजे? दादा तुझा." आईचे डोळे त्या पट्टीवर खिळले होते. कित्येक महिन्यांत राधिकेने ते इतके जागे पाहिले नव्हते. "केस बघ कसे पांढरे दिसतायत. तिकडं बर्फ पडत असेल." मग तिने काळजीने मागच्या दाराकडे पाहिले. "करंडी ठेवलीस का फोनवर?"

राधिकेचा हात तिथेच थांबला.

*

करंडी. त्या एका शब्दासरशी पाव शतकामागचे रविवार तिच्यासमोर उभे राहिले.

तेव्हा ती अठरा वर्षांची होती. परदेशी जाण्याआधी उमंगने आपल्या पगारातून संगणक घेऊन दिला होता आणि आईने त्याला खोळ शिवली होती, कोपऱ्यात बारीक चाफा भरलेली. घरात टेलिफोनची तार एकच होती आणि तिला फोन दोन होते : एक पुढच्या खोलीत, दुसरा वाडीच्या तोंडाशी असलेल्या खोपटात, जिथे अण्णा खुडलेली फुले पुड्यांत बांधत. दादरचे फूलवाले त्या खोपटातल्या फोनवर बोलत. त्याच तारेवरून इंटरनेटही येई, आणि संगणक जोडलेला असताना कोणी कुठलाही फोन उचलला की जोडलेले सारे तुटे.

म्हणून घरात एक रीत पडली होती. रविवारी दुपारी जेवणे आटोपली की राधिका मागच्या दारात उभी राहून वाडीच्या दिशेने हाक देई : "अण्णा, लाईन घेते!" आणि खोपटात अण्णा चाफ्याची रिकामी करंडी उचलून फोनवर पालथी घालत. करंडी दिसली की हात आपोआप मागे यावा, एवढाच तिचा उपयोग. कामाला येणाऱ्या बायकांनाही ती खूण ठाऊक झाली होती.

मग मोडेमचा तो आवाज. आधी आकडे टिपटिपत, मग एक बारीक, एकसुरी शीळ, मग तिला कुठून तरी दुरून मिळालेले घोगरे उत्तर. आणि त्यानंतर दोघांची ती झटापट, जणू दोन परक्या मुलखांतली माणसे अंधारात एकमेकांची भाषा चाचपत आहेत. आता जुळेल, आता नाही, असे वाटत असतानाच सगळे निवळे आणि शांतता येई. त्या शांततेचा आनंद राधिकेने पुढे कितीतरी कवितांत शोधला; दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत क्वचित तो सापडेही. मोडेमच्या गोंगाटानंतर मात्र तो दर रविवारी हमखास सापडत असे.

समोरच्या आळीतल्या हेलनला त्या आवाजाचा भयंकर राग होता. तिचा नवरा मस्कतला होता आणि त्याचे फोन शेजारधर्माने याच घरी येत. "माझा माणूस तिकडनं बोंबलत असेल," ती दारातून म्हणे, "नि तुम्ही इकडं यंत्रात कोंबड्या कापताय. तुझ्या भावाला सांग, फोटो पोस्टानं पाठव म्हणावं. पोस्टमन निदान ओरडत तरी नाय."

पण तीही थांबे. कारण यानंतर उमंग येई.

फोटो तेव्हा वरून खाली उतरत. पडदा पांढरा असे, आणि त्याच्या माथ्याशी एक पट्टी उमटे : कॅनडाचे आभाळ. बऱ्याच वेळाने दुसरी पट्टी येई, त्यात केस असत. मग कपाळ. आई खुर्ची पुढे ओढून बसे आणि येणाऱ्या प्रत्येक पट्टीशी बोले. "तेल लावत नाही हा." "रहाटावरून पडला होता तो व्रण अजून आहे बघ." भुवया उमटल्या की ती गप्प होई. डोळे येताना तिचे ओठ नुसते हलत. राधिकेला ते वर्ष आठवले की फोटो फारसे आठवत नसत. आठवे ती आई, मुलाला दुसऱ्यांदा जन्म देत असल्यासारखी, डोक्याकडून सुरुवात करून, श्वास रोखून बसलेली.

आणि दर वेळी नाकाशी येऊन लाईन तुटे.

दर वेळी. मिशीच्या वर एक सरळ रेघ, आणि तिच्या खाली पांढरा, रिकामा पडदा. पुन्हा जोडायला गेले की तार हट्टाला पेटे. पुढच्या रविवारी नवा फोटो येई आणि तोही तिथेच अडे. उमंगची हनुवटी त्या घराने वर्षभर पाहिली नाही.

एकदा राधिका संतापून वाडीत धावली होती. कोणी बाई करंडीकडे दुर्लक्ष करून फोन उचलते, अशी तिची खात्री होती. ती खोपटाच्या दारात पोचली. पुड्यांच्या ढिगाशी अण्णा एकटेच उकिडवे बसले होते, पायांशी करंडी, कानाशी रिसीव्हर. ते बोलत नव्हते. कुणाशी बोलणार? तारेवर माणूस नव्हताच. नुसती खरखर होती, अर्नाळ्याला ओहोटीच्या वेळी वाळूतून पाणी उतरताना येते तशी. डोळे मिटून अण्णा ती ऐकत होते.

तिला पाहून ते दचकले नाहीत. बऱ्याच वेळाने रिसीव्हर खाली ठेवत त्यांनी विचारले, "याच आवाजातनं येतो ना तो?"

राधिका चौकट धरून उभी राहिली.

"तुम्ही बघता," अण्णा म्हणाले, "मला बघायचं नाही. ऐकायला काय हरकत आहे?"

बघायचे नाही, कारण तसे ते बोलून बसले होते. उमंगसाठी म्हणून त्यांनी बावखलाच्या, वाडीतल्या त्या लहानशा तळ्याच्या, काठाने चाफ्याची नवी कलमे लावली होती, आणि त्याच पावसाळ्यात त्याने कॅनडाचे कागद पुढे केले. "या झाडांना पाणी घालायला जो थांबत नाही, त्याचं तोंड मी पुन्हा बघणार नाही," असे सगळ्यांदेखत म्हणून गेलेला माणूस तो शब्द परत घ्यायचा कसा, हे शिकलेला नव्हता. पुढे उमंग दोनदा गावी आला. दोन्ही वेळा अण्णा आदल्या दिवशीच अर्नाळ्याला आत्याच्या घरी जाऊन राहिले. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा अण्णांनी डोळे मिटून आपले म्हणणे शेवटास नेले होते.

त्या दिवशी खोपटाच्या दारातून राधिका परतली. आईला म्हणाली, "तारेतच काहीतरी दोष आहे." ती थाप पुढे तिने वर्षभर चालवली.

मग ब्रॉडबँड आला. मोडेमची जागा मुक्या, हिरवे दिवे मिचकावणाऱ्या पेटीने घेतली. फोन आणि इंटरनेट एकमेकांना न दुखवता एकाच तारेवर नांदू लागले, उमंगचे फोटो एका झटक्यात, हनुवटीसकट येऊ लागले. सगळे खूश झाले. एका रविवारी अण्णा मागच्या दारात येऊन उभे राहिले.

"आज लाईन घेतली नाहीस?"

"घेतलीय, अण्णा. आता ती चालूच असते."

"मी उचलला होता. नुसता घूं आवाज येतोय." ते चौकटीवर नखाने रेघ ओढत राहिले. "तो येत नाही आता?"

"येतो. आता लगेच येतो. आवाज होत नाही, एवढंच."

"अस्सं," म्हणाले, आणि पाट वळवायला निघून गेले. त्यानंतर त्यांनी उमंगचे नाव काढलेले राधिकेला आठवत नव्हते.

*

पाकिटातून अर्धा बाहेर आलेला फोटो हातात धरून बसलेल्या राधिकेला उमगले : आईच्या मनातला उमंग अजून त्या तारेवर होता. तो पट्टीपट्टीने आला तरच तिचा होता. अख्खा समोर आला की कोणी गृहस्थ.

त्या दिवसापासून तिने पुन्हा रीत पाडली. दुपारी ती मागच्या दारात जाऊन रिकाम्या वाडीकडे हाक देई, "लाईन घेते!" मग टॅबवर उमंगचा फोटो लावून त्यावर कोरा कागद धरी आणि तो केसभर केसभर खाली सरकवी. आई पुढे वाकून बसे, बोले. मोबाइलवर मोडेमचा जुना आवाजही तिने कुठून शोधून काढला होता. तो लागला की आईच्या चेहऱ्यावर पहाट होई. नाकाशी येऊन राधिका थांबत असे, कारण आई तिथे स्वतःच मागे रेलायची. "गेली वाटतं लाईन. असू दे. पुढच्या खेपेला."

एकदा राधिकेने धाडस केले. फोटोऐवजी व्हिडिओ कॉल लावला, उमंगला निश्चल बसायला सांगितले आणि कागद सरकवला. डोळ्यांपर्यंत आई बोलत राहिली, "उमंग, बाळा" म्हणाली. ते ऐकून न राहवून तो बोलला, "आई गं." फोटोला वाचा फुटलेली पाहून आई दचकली. तिने पदर सावरला. "हो," ती म्हणाली, "आपण कोण?"

*

उमंग आला तेव्हा चाफ्याचा बहर ओसरत आला होता. विमानतळावरून टॅक्सीने तो थेट आला, बूट काढून ओटीवर चढला आणि वाकून आईच्या पायांना हात लावून तसाच राहिला.

"असू द्या, असू द्या," आई संकोचून मागे सरली. "राधा, पाणी आण यांना. लांबनं आलेले दिसतात."

ते दिवस राधिकेला पाहवत नव्हते. उमंग रोज नवे काही घेऊन आईसमोर बसे, परीक्षेला बसणाऱ्या मुलाने शेवटच्या क्षणी वह्या चाळाव्यात तसा. त्याने सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणली, आईच्या हातची कशी असत ते सांगितले. आईने एक तुकडा चाखला आणि म्हणाली, "छान आहेत. तुमच्याकडं करतात का?" त्याने रहाटावरून पडल्याची गोष्ट सांगितली, कपाळ पुढे करून व्रण दाखवला.

"आमचा मुलगाही असाच पडला होता," आई आपुलकीने म्हणाली. "तो परदेशी असतो. दर रविवारी येतो."

"येतो?"

"येतो ना. वरून खाली येतो." तिने हाताने हवेत एक आडवी रेघ ओढली आणि ती हळूहळू उतरवत नेली. "अर्धाच येतो. पण येतो."

उमंग उठून वाडीत गेला. राधिका मागोमाग गेली तेव्हा तो बावखलाच्या काठावर आपल्या नावाच्या झाडांखाली उभा होता. पाणी हिरवे, निश्चल होते. त्यात पडलेली दोन-चार फुले कुजत आली होती.

"तू हे तिला लावलंस, राधे," तो म्हणाला. "मी इथं हाडामांसाचा उभा आहे, आणि ती माझ्या फोटोशी बोलते. रोज कागद सरकवून तू तिला पक्की त्यात बसवलीस."

"मी बसवली नाही. ती तिथंच बसून होती. मला फक्त सापडली."

"आणि मी?"

"तू पंचवीस वर्षं तसाच आलास ना आमच्याकडं, दादा? कपाळ, डोळे, आणि मग लाईन गेली."

बोलून गेल्यावर ती ओशाळली. उमंगने मात्र मान डोलावली, जणू हे कोणीतरी म्हणावे याची तो वाटच पाहत होता. मग म्हणाला, "अण्णांनी तर एकदाही पाहिलं नाही मला. कपाळसुद्धा नाही."

तेव्हा राधिकेने त्याला खोपटात नेले. फोन कधीच काढून नेलेला होता. भिंतीतून तारेचा एक तुकडा बाहेर डोकावत होता. फळीवर करंडी मात्र होती, पालथी, आपल्या खाली काही नाही हे ठाऊक नसल्यासारखी. तिने ते सगळे सांगितले : उकिडवे बसलेले अण्णा, मिटलेले डोळे, आणि तो प्रश्न, 'याच आवाजातनं येतो ना तो?' लाईन तारेच्या दोषाने तुटत नसे, हेही सांगितले.

उमंगने करंडी उचलली, तिच्या आत पाहिले आणि होती तशी ठेवली. "मी त्या वेळी शिव्या देत होतो," तो म्हणाला. "तिकडं बसून. दर वेळी अर्धाच गेला म्हणून कळवायचीस ना तू. मला वाटायचं, गावच्या तारा कुजल्यात." "त्यांनी बोलायचं होतं, राधे. तारेत नुसतं हॅलो म्हटलं असतं तरी—"

"ऐकू आलं नसतं तुला. त्या आवाजातनं माणसाचं बोलणं जात नाही."

*

त्याच्या परतीच्या आदल्या दुपारी त्याने स्वतःच म्हटले, "माझ्यावर कागद धर."

कागद पुरण्यासारखा नव्हता. राधिकेने कपाटातून सोलापुरी चादर काढली. तिचे दुसरे टोक धरायला हेलनला बोलावले. हेलन आता सत्तरीची होती, गुडघे दुखत होते, जीभ शाबूत होती. पुढच्या खोलीत पूर्वी संगणक असे त्या जागी उमंगला स्टुलावर बसवून दोघींनी चादर ताणली, तशी ती म्हणाली, "अगं, हा तर अंतरपाट धरलाय. घोडनवऱ्याचं लगीन लावताय काय? मंगलाष्टका मला येत नाय हां, सांगून ठेवते."

"हेलनमावशी, हसवू नका," उमंग चादरीमागून म्हणाला. त्याचा आवाज हसत नव्हता.

"दादा," राधिका हलकेच म्हणाली, "काही झालं तरी बोलायचं नाही. फोटो बोलत नाही."

"आणि बोललो तर?"

"तर तू पाहुणा."

मग ती मागच्या दारात जाऊन हाक देऊन आली. आतल्या खोलीतून आईला आणून खुर्चीवर बसवले, मोबाइलवर तो आवाज लावला. शीळ, घोगरे उत्तर, झटापट, आणि शांतता. आईने खुर्ची पुढे ओढली. चादर खाली येऊ लागली.

केस.

"विरळ झालेत," आई म्हणाली. "पाणी मानवत नाही तिकडचं."

कपाळ. आईने बोट उचलून व्रणाच्या दिशेने धरले आणि स्पर्श न करता मागे घेतले. पडद्याला हात लावायचा नाही, हे तिला पूर्वी राधिकेनेच शिकवले होते. भुवया आल्या. आई गप्प झाली. मग डोळे.

ते डोळे फोटोचे नव्हते. भरून आलेले, पापणी न लववता रोखून धरलेले ते डोळे राधिकेला बाजूने दिसत होते, आणि तिच्या मनात आले की आता सगळे संपेल, आई दचकेल. पण आई नुसती पाहत राहिली. "उमंग," ती म्हणाली. "बाळा, एकटा पडलास का रे?"

उमंगचे लग्न चार वर्षांपूर्वी मोडले होते. त्याने ते घरात कुणालाच सांगितले नव्हते. राधिकेला ते याच मुक्कामात, आदल्या रात्री जेवताना कळले होते.

चादर नाकाशी आली. तिथे हात सवयीने अडला. हेलनने पलीकडून पाहिले. आई मागे रेलू लागली होती, तिच्या ओठांवर ते जुने वाक्य येतच होते. राधिकेने चादर आणखी खाली ओढली.

ओठ आले. ते घट्ट मिटलेले होते आणि थरथरत होते. मग हनुवटी, अण्णांसारखी, मधोमध खळगी असलेली.

आईने दोन्ही हात तोंडाशी नेले.

"पूर्ण आला," ती पुटपुटली. "राधा, पूर्ण आला गं आज."

किती वेळ ती पाहत होती कोण जाणे. बाहेर कोणाचा तरी पंप चालू होता, हेलनचा श्वास ऐकू येत होता. समोर, हात पुढे केला तर लागेल एवढ्या अंतरावर, तिचा मुलगा बसला होता, आणि एका शब्दावर सारे टांगलेले होते. तो शब्द त्याच्या गळ्यात वरखाली होताना राधिकेला दिसत होता. त्याने तो उच्चारला असता तर तो परका झाला असता. त्याने तो गिळला. पुन्हा वर आला, पुन्हा गिळला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि आई मायेने म्हणाली, "पाऊस पडतोय तिकडं."

मग ती समाधानाने उठली. "बंद कर आता. त्यांना फोन यायचा असेल. आणि नीट ठेव हा, राधा. पुन्हा लाईन मिळेल न मिळेल."

बंद कर म्हणजे काय करायचे, हे राधिकेला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने हेलनकडे पाहिले, आणि दोघींनी चादर पुन्हा वर नेली : हनुवटीवरून, ओठांवरून, त्या डोळ्यांवरून.

आई मागच्या दाराने निघाली होती. हेलन तिला आवरायला वळणार, तेवढ्यात राधिकेने मान हलवली. खिडकीतून वाडीची वाट दिसत होती. आई झाडांचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत खोपटापर्यंत गेली, दारात थांबली, आत वाकली. तिने फळीवरची करंडी उचलून बाजूला ठेवली आणि तिथल्या रिकाम्या काळोखाशी, नवऱ्याशी बोलावे त्या सुरात, बोलू लागली. वारा घराकडचा होता. शब्द स्पष्ट येत होते.

"झालं का ऐकून? ठेवा आता खाली. आज पूर्ण आला तो." ती क्षणभर थांबली. "दर वेळी तुमच्यापायी अर्धा राहायचा. कळत होतं मला. पण म्हटलं, ऐकू दे."

राधिकेने वर्षभर चालवलेली ती थाप, तारेचा तो दोष, तिच्या हातातल्या चादरीत गोळा झाला. आईने तो कधीच खरा मानला नव्हता. तिने आपल्या मुलाचा अर्धा चेहरा दर रविवारी मुकाट्याने देऊन टाकला होता.

"राधे," हेलन कुजबुजली, "सोड आता. बाय बाहेर गेली. पोराला मोकळं कर."

चादरीमागून काहीच आवाज आला नाही. उमंग अजून निश्चल बसून होता; कोणी पाहत नसतानाही तो फोटोच राहिला होता. राधिकेचे हात भरून आले होते. तरी तिने चादर खाली केली नाही.